सगळ्याजणींची शिदोरी

अंगतपंगत हा शब्द हल्ली फारसा कानावर पडत नाही. 'पॉटलक' म्हटलं की मात्र सोसायटीतल्या सगळ्याजणींना चटकन कळतं. नाव काही द्या, गोष्ट एकच. प्रत्येकीने आपल्या घरून एक पदार्थ करून न्यायचा, सगळे पदार्थ एकत्र मांडायचे आणि मिळून जेवायचं. कुणा एकीच्या डोक्यावर साऱ्या स्वयंपाकाचा भार नाही, आणि मागाहून 'त्यांचं आपल्याकडे एक जेवण राहिलंय' अशी रुखरुखही नाही. शाळेत असताना डबे उघडून आपण जे करत होतो तेच हे, फक्त मोठ्या पातेल्यांतून!

ह्यांच्या नोकरीनिमित्त आम्ही फिलिपाईन्समध्ये लोस बान्योस या गावी राहतो. मनिलाच्या दक्षिणेला, माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं हे गाव. 1960 साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था इथलीच, त्यामुळे गावाला भारतीय माणसांची सवय आहे. तरीसुद्धा पहिले काही महिने मला परकं परकं वाटायचं. मग शेजारणींनी आपल्या दुपारच्या बैठकीत मला ओढलं. त्यांच्याकडे अशा जेवणाला प्रत्येकीने जो वाटा आणायचा त्याला 'आम्बाग' म्हणतात, आणि एकत्र बसून जेवण्याला 'सालो-सालो'. एकदा का तुम्ही आम्बाग घेऊन गेलात की तुम्ही पाहुण्या राहिला नाहीत, असा तिथला अलिखित नियम आहे.

गंमत म्हणजे या बायका मला 'आते' म्हणतात. त्यांच्या तागालोग भाषेत आते म्हणजे थोरली बहीण. पहिल्यांदा हाक ऐकली तेव्हा मला माझी भाचरंच आठवली. असे ओळखीचे शब्द इथे अधूनमधून भेटतात. शिक्षकाला 'गुरो', चेहऱ्याला 'मुखा', आशेला 'आसा'. मी इथे थोडा वेळ शिकवते, त्यामुळे 'गुरो' ऐकलं की मला फार बरं वाटतं. आणि भेटल्यावर पहिला प्रश्न कोणता, तर 'कुमाइन का ना बा?' म्हणजे 'जेवलीस का?' आता सांगा, यात परकं काय आहे?

ज्या दुपारची हकिगत मला सांगायची आहे ती मात्र नुसत्या खाण्यापिण्याची नव्हती. आमच्या गल्लीतली एक मैत्रीण दोन वर्षांच्या करारावर सौदी अरेबियाला निघाली होती. ती नर्स आहे. वय बत्तीस, नवरा ट्रायसिकल चालवतो, म्हणजे मोटरसायकलला शेजारी बसायची गाडी जोडलेली असते ती. पदरी नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी, घरात सासू. अशा निरोपाच्या जेवणाला इथे 'देस्पेदिदा' असा स्पॅनिश शब्द आहे. स्पॅनिश लोकांनी इथे तीनशेहून अधिक वर्षं राज्य केलं, त्याच्या खुणा बोलण्यात आणि ताटात दोन्हीकडे दिसतात.

एवढ्या लहान मुलांना सोडून आई परदेशी कशी जाते, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला होता. पण इथे राहिलं की कळतं, की ही एका घराची गोष्ट नाही. 1974 साली इथे नवा कामगार कायदा आला आणि माणसांना परदेशी कामाला पाठवणं हे सरकारी धोरणच झालं. तेव्हापासून नर्सा, मोलकरणी, बोटीवरचे खलाशी असे लाखोंनी बाहेर पडले, आणि त्यांच्या पैशावर इथली घरं उभी राहिली, मुलं शिकली. आपल्या कोकणात नव्हतं का? पुरुष मुंबईला गिरणीत, आणि गाव मनीऑर्डरवर. फरक इतकाच, की तिथे बाप जायचा, इथे पुष्कळदा आई जाते. बाप गेला तर घराचं वेळापत्रक चुकत नाही. आई गेली की पहिला प्रश्न येतो तो संध्याकाळच्या भाताचा.

त्या रविवारी दुपारी एकच्या सुमाराला आम्ही नऊजणी तिच्या अंगणात जमलो. लांब टेबलावर केळीची पानं अंथरली होती. एरवी इथली माणसं उजव्या हातात चमचा आणि डाव्या हातात काटा घेऊन जेवतात, पण अशा खास जेवणाला हातानेच जेवायचं. त्याला 'कामायान' म्हणतात. कामाय म्हणजे हात. पानावर मधोमध भाताची लांबच लांब रास आणि तिच्या दोन्ही बाजूंना कालवणं. भाताला इथे आपल्याइतकाच मान आहे. शेतातल्या साळीला 'पालाय', तांदळाला 'बिगास' आणि शिजलेल्या भाताला 'कानिन', असे तीन वेगळे शब्द. आणि भाताबरोबर जे काही खायचं, मासे असोत की भाजी, ते सगळं 'ऊलाम', म्हणजे आपलं तोंडीलावणं!

पहिलं मोठं ताट आलं ते पान्सितचं. या तांदळाच्या बारीक शेवया. आपल्या शिरवाळ्यांची बहीणच म्हणा, फक्त गुळाच्या रसात न बुडवता भाज्या, कोंबडीचे तुकडे आणि सोया सॉस घालून परतलेली. वरून पिळायला कालामान्सी, म्हणजे सुपारीएवढं लहान लिंबू. चिनी लोकांकडून आलेला हा पदार्थ वाढदिवसाला हवाच, कारण लांब शेवई म्हणजे लांब आयुष्य अशी समजूत. म्हणून शेवया तोडायच्या नाहीत. आणणारी म्हणाली, "आज वाढदिवस नाही, पण दोन वर्षांत हिचे दोन येतील. ते आजच खाऊन जा, बाई." सगळ्याजणी हसल्या.

मग आदोबो. व्हिनेगर, सोया सॉस, भरपूर लसूण, तमालपत्र आणि अख्खे मिरे यांत शिजवलेलं मांस. मी शाकाहारी, तेव्हा चव काही सांगू शकत नाही, पण वास आणि रीत यावरून मला गोव्याच्या विंदालूची आठवण झाली. तिथेही माडाचं व्हिनेगर आणि लसूण. दोन्हीकडे कारण एकच, उष्ण दमट हवेत आंबटात शिजवलेलं मांस टिकतं. म्हणून प्रवासाला निघालेल्या माणसाच्या डब्यात आदोबो हमखास असतो. आमच्या मैत्रिणीच्या नवऱ्याला एवढा एकच पदार्थ येतो. "मग आठवडाभर आदोबोच," असं तो म्हणाला तेव्हा मुलाने तोंड वाकडं केलं.

कारे-कारेचं पातेलं सगळ्यांत जड होतं. बैलाचं शेपूट शेंगदाण्याच्या दाट रसात शिजवायचं, त्यात वांगं, चवळीच्या लांब शेंगा आणि चक्क केळफूल. 'कारे' हा शब्द 'करी'वरून आला असं काहीजण सांगतात. 1762 ते 1764 या काळात इंग्रजांनी मनिला घेतलं होतं. त्यांच्या फौजेत मद्रासकडचे शिपाई होते, आणि त्यांतले काही परत न जाता मनिलाजवळच्या काइंता गावी कायमचे राहिले. घरची आठवण येऊन त्यांनी हाताशी होतं त्यातून कालवण केलं, ते हे, अशी कथा. कथा खरी असो नसो, शेंगदाण्याचं कूट घातलेला तो रस पाहून मला एकादशीच्या आमटीची आठवण झाली खरी. ज्या काकूंनी तो केला होता त्यांनी माझ्यासाठी नुसत्या भाज्यांची एक वाटी आधीच वेगळी शिजवून ठेवली होती.

शाकाहारी बाईला इथे जपून राहावं लागतं. भाजी दिसायला नुसती भाजी असते, पण तिच्यात 'पातिस' म्हणजे माशाचं खारं पाणी, नाहीतर 'बागोओंग' म्हणजे मुरवलेल्या कोळंबीचा लगदा घातलेला असतो. मीठ घालावं इतक्या सहजपणे घालतात. म्हणून मी आधीच विचारून घेते, आणि कुणाला राग येत नाही. बिकोल प्रांतातली एक मैत्रीण आहे, तिने तर माझ्यासाठी लाइंग बिनकोळंबीचं केलं होतं. लाइंग म्हणजे आपलं अळू! अळूची पानं वाळवून ठेवायची आणि नारळाच्या दाट दुधात आलं, लसूण, कांदा आणि तिखट मिरच्या घालून शिजवायची. आपण अळू खाजू नये म्हणून चिंच घालतो. त्यांचा नियम असा, की पानं दुधात घातली की ती नीट शिजेपर्यंत ढवळायची नाहीत. "ढवळलंस की घसा खाजलाच म्हणून समज," असं तिने मला बजावलं. मी तिला फदफद्याची कृती सांगितली, तर मुळा आणि शेंगदाणे घालतात हे ऐकून तिला नवल वाटलं.

गोडाचा थाट वेगळाच. नारळाच्या दुधात आणि तपकिरी साखरेत शिजवलेला चिकट भात, त्याचं नाव बिको. आपल्या नारळीभाताचा भाऊ. तांदळाच्या वाफवलेल्या पांढऱ्याशुभ्र गोल वड्या, त्या पुतो. आणि पालितावची कृती तर तुम्हाला आवडेलच. चिकट तांदळाच्या पिठाचा गोळा चपटा करून उकळत्या पाण्यात सोडायचा. वर तरंगला की झाला. मग ओल्या खोबऱ्यात घोळवून वरून साखर आणि भाजलेले तीळ. 'लिताव' म्हणजे वर येणं, म्हणून पालिताव. मात्र त्याला 'मालागकित' नावाचा चिकट तांदूळच लागतो, आपल्या रोजच्या तांदळाच्या पिठाला तो चिवटपणा येत नाही. शिवाय लोस बान्योसची प्रसिद्ध बुको पाय होतीच, म्हणजे शहाळ्याची कोवळी मलई भरून भाजलेली गोड पाय.

आणि मी काय नेलं? पुऱ्या आणि बटाट्याची पिवळी भाजी. निघणाऱ्या मैत्रिणीने मुद्दाम मागितली होती. "आते, तो पिवळा बटाटा आण," असं तिने चार दिवस आधीच सांगून ठेवलं होतं. शिवाय लिंबाच्या गोड लोणच्याची एक लहान बाटली. निघणाऱ्या माणसाला बरोबर जे खाणं बांधून द्यायचं त्याला इथे 'पाबाओन' म्हणतात. त्याला शिदोरी याहून चांगला शब्द मला सुचत नाही.

जेवण चालू असताना मी पाण्याचा तांब्या भरायला आत गेले. स्वयंपाकघरात ती मुलाला भात लावायला शिकवत होती. तांदूळ धुऊन पातेल्यात घातले, त्यांवर बोटाचं टोक टेकवलं आणि पहिल्या पेरापर्यंत पाणी ओतलं. अगदी माझ्या आजीसारखं! मुलाने आपलं बोट तिच्या बोटाशेजारी धरलं आणि विचारलं, "माझं पेर लहान आहे. मग पाणी कमी नाही पडणार?"

ती म्हणाली, "कमी पडलं तर वरून थोडं घाल. मी येईपर्यंत तुझं बोट वाढेल, मग नाही घालावं लागणार."

मी तांब्या न भरताच बाहेर आले. पाच मिनिटांनी तीही आली, चेहरा धुऊन.

गोड वाढून झाल्यावर आमच्यातल्या शाळेतल्या बाईंनी वही काढली. त्यांचा बेत असा, की आठवड्याचे वार वाटून घ्यायचे आणि प्रत्येकीने आपल्या वारी संध्याकाळी या घरी एक ऊलाम पोचवायचं. म्हणजे आजचा आम्बाग आजच संपायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सोमवार एकीने घेतला, मंगळवार दुसरीने. आणि तेवढ्यात सासूबाई, ज्यांना आम्ही सगळ्याजणी 'लोला' म्हणजे आजी म्हणतो, त्या खुर्चीतून म्हणाल्या, "सहा मुलं वाढवली मी या दोन हातांनी. आता माझ्या नातवंडांना गल्लीने जेवू घालायचं?"

सगळ्या गप्प झाल्या. वहीवरचं पेन्सिल थांबलं. मला लोलांचं म्हणणं मनातून पटत होतं. आपल्याकडेही मदत करणाऱ्याला वाटतं आपण चांगलं करतोय, आणि घेणाऱ्याच्या मनात सलतं. सून मान खाली घालून पुतोचा चुरा करत होती. तिने एवढंच म्हटलं, "आई, तुमचे गुडघे दुखतात. रात्री तुम्ही झोपत नाही, मला माहीत आहे."

लोला बराच वेळ बोलल्या नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ईहा, तुमच्या गावी कशी रीत आहे?" ईहा म्हणजे मुली. मी सांगितलं, आमच्याकडे कुणी डबा आणून दिला तर रिकामा परत करत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालून देतात. त्यांनी ते शेजारणीकडून दोनदा समजावून घेतलं. आणि मग अटी घातल्या. पहिली, फाटकातून डबा देऊन कुणी परत जायचं नाही. जी आणेल तिने इथेच बसून मुलांबरोबर जेवायचं. दुसरी, भात रोज या घरचाच. आणि तिसरी, रविवारी स्वयंपाक लोला करणार आणि सगळ्या गल्लीने यायचं. "तुम्ही आणलेलं मी घेईन," त्या म्हणाल्या, "पण माझ्या घरी तुम्ही जेवल्याशिवाय नाही."

वही पुन्हा उघडली. मी शुक्रवार मागून घेतला. त्यालाही कारण आहे. इथे कॅथलिक लोक पुष्कळ, आणि उपासाच्या शुक्रवारी मांस वर्ज्य. म्हणून शुक्रवारी घरोघर मुगाचं कालवण करायची पद्धत आहे. त्याला 'मोंगो' म्हणतात. मूग आणि मोंगो, नावातसुद्धा फार अंतर नाही! म्हणजे माझं शाकाहारी ऊलाम त्या दिवशी कुणालाच वेगळं वाटणार नव्हतं.

निघताना प्रत्येकीला उरलेल्यातलं थोडं थोडं केळीच्या पानात बांधून मिळालं. मुलीला झोप आली होती, तिने आईच्या खांद्यावर मान टाकली होती. मोठ्यांचा निरोप घेताना इथली मुलं त्यांचा हात आपल्या कपाळाला लावतात. मुलाने रांगेत सगळ्यांचे हात कपाळाला लावले, आणि शेवटी आपल्या आईचाही. तिला ते अपेक्षित नव्हतं. ती निघायला अजून दोन दिवस होते.

आता ती गेल्याला आठ महिने झाले. सगळं छान चाललंय असं मी म्हणणार नाही. धाकटी पहिले दोन महिने रात्री रडून घर डोक्यावर घ्यायची. लोलांचे गुडघे तसेच आहेत. पण पगार सुरू झाल्यावर कर्जाचे हप्ते वेळेवर जाताहेत, आणि गळकं छप्पर पावसाआधी बदलून झालं. ती मोबाइलवर बोलते तेव्हा पहिला प्रश्न तोच, 'कुमाइन का ना बा?' आणि मुलगा ताट फोनसमोर धरून दाखवतो. गेल्या महिन्यापासून शाळेतून आला की भात तोच लावतो. पाणी अजून थोडं वरून घालावं लागतं म्हणतो.

मोंगोची कृती अगदी सोपी आहे आणि आपल्याकडे सगळं सामान मिळतं. चार माणसांना एक वाटी हिरवे मूग धुऊन, चांगले मऊ फुटेपर्यंत शिजवा. कुकरला लावले तरी चालतील. दोन चमचे तेलात ठेचलेल्या पाच-सहा लसणीच्या पाकळ्या सोनेरी करा, मग एक चिरलेला कांदा आणि दोन टोमॅटो घालून ते गळेपर्यंत परता. त्यात शिजलेले मूग, मीठ, भरडलेले मिरे आणि दोन वाट्या गरम पाणी घाला. दहा मिनिटं उकळू द्या. शेवटी मूठभर शेवग्याचा कोवळा पाला घालून एक उकळी आली की आच बंद करा, नाहीतर पाला कडवट होतो. मोहरी, हळद, गोडा मसाला काहीही नको. हात शिवशिवतील, पण घालू नका! मासे खाणाऱ्यांनी लसणीबरोबर थोडा सोललेला सोडा परतला तर तेही तिथल्या पद्धतीला धरून आहे. गरम भातावर वाढा, आणि करायचंच आहे तर एखादी वाटी जास्तच करा. शेजारी कुणाकडे तरी आज स्वयंपाक करणारं माणूस घरात नसेल. मात्र डबा दारातून देऊन येऊ नका, घटकाभर बसा.